माळ उतरवल्यानंतर: औषधरोधक क्षयरोगाच्या एका वारकरी रुग्णाचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव, नाती आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. मी एका जिल्ह्याच्या औषधरोधक क्षयरोग केंद्रात समुपदेशक आहे. यात जे निर्णय चुकले त्यातला पहिला माझा होता, म्हणून सुरुवातही तिथूनच करते.

पार्श्वभूमी

त्यांना आपण अप्पा म्हणू. वय ५४. मराठवाड्यातलं छोटं गाव, तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. घरात काकू, थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं. धाकटा मुलगा पुण्यात टेम्पो चालवतो. चोविसाव्या वर्षी गळ्यात तुळशीची माळ पडली ती कायमची. रोज संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ, कार्तिकात पहाटे काकडा, वर्षातून एकदा सप्ताह आणि आषाढीला गावच्या दिंडीसोबत पायी पंढरपूर. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनामुळे पायी वारी झालीच नाही. अप्पा २०२२ च्या आषाढीची वाट बघत होते.

नोव्हेंबरपासून खोकला होता. घरच्यांना वाटलं, काकड्याच्या गारठ्याने धरला असेल. जानेवारी २०२२ मध्ये थुंकीतून रक्त पडलं तेव्हा ते तपासणीला आले. सीबीनॅट चाचणीत क्षयरोग निघाला आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडत नसल्याचंही दिसलं. पुढच्या तपासणीत आयसोनियाझिडलाही रोध आढळला. दोन्ही फुप्फुसांत पोकळ्या होत्या, त्यामुळे कमी मुदतीचा उपचार देता येत नव्हता. १८ ते २० महिन्यांचा, पूर्णपणे तोंडाने घ्यायच्या औषधांचा उपचार सुरू झाला: बेडाक्विलिन, लिनेझोलिड, लेव्होफ्लॉक्सासिन, क्लोफाझिमिन आणि सायक्लोसेरिन. वजन ४३ किलो.

ही औषधं जीव वाचवतात, पण त्यांची किंमत शरीर मोजतं. लिनेझोलिडने हातापायांच्या नसा बधिर होतात, रक्त कमी होतं, क्वचित नजरही जाते. क्लोफाझिमिनने कातडी काळवंडते. बेडाक्विलिनमुळे हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, त्यासाठी वेळोवेळी ईसीजी काढावा लागतो. सायक्लोसेरिन झोप उडवतं, मन खचवतं, कधी आत्महत्येचे विचारही आणतं. हे सगळं मी पहिल्याच भेटीत अप्पांना आणि काकूंना समजावून सांगितलं. तक्ता दाखवला, सह्या घेतल्या. गळ्यातल्या माळेविषयी मात्र एक शब्दही विचारला नाही. ती मला दिसत होती.

पहिला निर्णय: अंडी

दुसऱ्या महिन्यात वजन ४२ वर आलं. मळमळ, तोंडाला चव नाही, भाकरी पुढे ठेवली की उठून जायचं. मी काकूंना सांगितलं, “रोज दोन अंडी द्या, तरच ताकद येईल.” काकू म्हणाल्या, “ताई, माळ हाय त्यांच्या गळ्यात.” त्यावर मी म्हणाले, “आधी जीव, मग माळ.” हे वाक्य मी तोवर किती जणांना ऐकवलं असेल याचा हिशेब नाही, आणि ते मला बरोबरच वाटायचं.

माळकरी माणसाने मांसाहार करायचा तर माळ गळ्यात ठेवून करता येत नाही. ती उतरवावी लागते. थोरल्या मुलाने ती उतरवून देव्हाऱ्यात ठेवली. अप्पा काही बोलले नाहीत. अंडं खाल्लं, पण तासाभराने उलटी झाली. पुढचे पंधरा दिवस असंच चाललं. मी नोंदवहीत लिहिलं: “आहार सल्ला दिला. कुटुंब सहकार्य करते.”

याच काळात आणखी तीन गोष्टी गेल्या. बेडाक्विलिन जेवणासोबतच घ्यावं लागतं, उपाशीपोटी ते नीट शोषलं जात नाही. म्हणून आम्ही एकादशी बंद केली. जंतुसंसर्ग हवेतून पसरतो आणि देवळाच्या बंद सभामंडपात तासभर मोठ्याने गाणं हा त्यासाठी वाईटातला वाईट प्रकार, म्हणून भजन बंद केलं. आणि वारीचा विषय निघालाच नाही, कारण दहा पावलांत धाप लागत होती. प्रत्येक वेळी आमच्याकडे कारण होतं. पण चारही गोष्टी एकत्र मांडून त्या माणसाकडे आता काय उरलं, हे पाहणारं आमच्यात कुणी नव्हतं.

गावानेही आपल्या परीने भर घातली. भजनी मंडळाने निरोप धाडला की देवळातला टाळ घरी असेल तर परत पाठवा, पण आधी धुऊन. वास्तविक टाळावरून, ताटावरून, कपबशीवरून क्षयरोग पसरत नाही. घरातही त्यांचं ताट वेगळं झालं होतं. “एवढ्या वाऱ्या करून काय मिळालं,” असं पारावर बसलेलं कुणीतरी बोललं आणि ते फिरत फिरत अप्पांच्या कानावर आलं.

अडचण

जूनच्या पहिल्या आठवड्यात आशाताईंनी कळवलं की औषधांच्या पाकिटात नऊ दिवसांच्या गोळ्या शिल्लक आहेत. मी घरी गेले. अप्पा ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. कातडी इतकी काळवंडली होती की कपाळावरचा बुक्का दिसेनासा झाला होता. त्रास काय विचारलं तर उत्तर एकच, “बरं हाय.”

शून्य ते दहा असा आकडा सांगायला लावला की आमचे बरेच वयस्कर रुग्ण गोंधळतात. काकूंनी मध्येच विचारलं, “रुपयात किती आणे दुखतंय ते सांगा ना ताईला.” तेव्हा पहिल्यांदा अप्पा बोलले. धाप आठ आणे. मळमळ सहा आणे. पाय बारा आणे: “मोजे घातल्यागत वाटतं, खालची भुई कळत न्हाई.” झोप? पहाटे चारला जाग येते. “तीस वर्षं काकड्याला उठतोय. आताबी जाग येती, पण उठून जायचं कुठं?”

या वाक्यापाशी मी अडले. पहाटे लवकर जाग येणं हे नैराश्याचं जुनं, ओळखीचं लक्षण. सायक्लोसेरिननेही झोप मोडते. आणि तीस वर्षांच्या सवयीने त्या वेळी डोळे उघडणारच. तिन्ही शक्यता एकाच वेळी खऱ्या असू शकत होत्या.

मी विचारलं, “अप्पा, आतलं किती आणे?” ते म्हणाले, “सोळा आणे.” मग बऱ्याच वेळाने, “पांडुरंगानं बोलावलंय म्हणायचं, दुसरं काय.”

मागच्या महिन्यात फोनवरही ते हेच म्हणाले होते. तेव्हा मी ते भक्तिभावाचं बोलणं समजून पुढे गेले होते. आमच्याकडे माळकरी माणूस सहज असं बोलतो. पण या वेळी मी थांबले आणि नैराश्याची नऊ प्रश्नांची चाचणी घेतली. नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरून गेलेलं बरं असं वाटतं का या प्रश्नाला, उत्तर आलं, “जवळपास रोज.” गोळ्या सोडल्या म्हणजे आपोआप सुटका होईल, असा विचार करून त्यांनी नऊ दिवस औषध घेतलं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

त्या संध्याकाळी फोनवर आमची चर्चा झाली. केंद्रातले डॉक्टर, तालुक्याचे उपचार पर्यवेक्षक आणि मी.

डॉक्टरांचं म्हणणं होतं की हे सायक्लोसेरिनचं काम आहे. औषध थांबवा, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, माणूस सुधारेल. पर्यवेक्षक म्हणाले, वारीचे दिवस जवळ आलेत, दिंडी निघणार आणि हा माणूस मागे राहणार, दुःख त्याचं आहे. औषध काढून ते जाणार नाही, उलट एक औषध कमी झाल्याने रोग वाढेल. दाखल करून घेण्याचाही विचार झाला, पण वॉर्डात घरच्यांपासून तुटून ते आणखी खचतील अशी भीती होती. घरच्यांकरवी सक्तीने गोळ्या द्याव्यात, असंही कुणीतरी सुचवलं.

माझं मत असं पडलं की कारण कुठलंही असो, आधी जीव सुरक्षित करायचा आणि औषधाची बाजू तपासायची. ते झाल्यावर माळेची. एक केलं म्हणून दुसरं सोडायचं नाही. श्रद्धेचं दुःख आहे म्हणत सायक्लोसेरिन तसंच चालू ठेवणं धोक्याचं होतं, आणि औषधाचा दुष्परिणाम म्हणत माळेचा विषय बंद करणंही चूक होतं.

केलेली कृती

दुसऱ्या दिवशी धाकटा मुलगा पुण्याहून आला. अप्पांना काही दिवस एकटं सोडायचं नाही आणि औषधांचा डबा काकूंकडे ठेवायचा, असं ठरलं. मानसोपचारतज्ज्ञांनी तपासलं. केंद्राच्या समितीने सायक्लोसेरिन बंद केलं. उरलेल्या चार औषधांवर उपचार पुढे चालू शकतो, असा निर्णय झाला. हे सगळं चार दिवसांत उरकलं. (तेव्हा टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा सुरू झाली नव्हती. आता १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं आणि मी तो क्रमांक प्रत्येक रुग्णाच्या कार्डावर लिहून देते.)

माळेचं काम सावकाश झालं. मी अप्पांना तीन साधे प्रश्न विचारले. तुम्हाला बळ कशातून मिळतं? या आजारात त्यातलं काय तुटलं? कुणाशी बोलावंसं वाटतं? हे प्रश्न पहिल्या भेटीत विचारायला पाच मिनिटं लागली असती. सहाव्या महिन्यात त्याला दीड तास लागला.

बाहेर आलं ते मला अपेक्षित नव्हतं. वारी चुकणार याचं दुःख होतंच. माळ उतरल्याने आपण कुणाचेच राहिलो नाही, हेही होतं. पण तळाशी दुसरंच होतं. नोव्हेंबर ते जानेवारी खोकत खोकत ते देवळात जात होते. “देवळात बसून म्या लोकायला रोग वाटला. लेकरं बसत व्हती पुढं.” विठ्ठल आपल्याशी बोलत नाही, याचा अर्थ त्यांनी स्वतःपुरता हा लावला होता.

माळेसाठी मी महाराजांना भेटले, ज्यांच्या हातून अप्पांनी माळ घेतली होती त्यांना. आधी एकटीच गेले. पूर्वकर्माची भाषा निघाली तर अप्पा पुरते कोसळतील, अशी धास्ती होती. म्हणून आजार कसा होतो, औषध काय करतं, हे आधी सांगितलं. महाराजांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “अंडी खाल्ल्याशिवाय हा बरा होणार नाही का?” मी खरं उत्तर दिलं: तसं काही नाही. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं असतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे पंचवीस, सोयाबीनमध्ये त्याहून जास्त. अप्पा सोयाबीन पिकवत होते आणि सगळं आडतीवर घालत होते. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, क्षयरुग्णांच्या आहारावरच्या झारखंडमधल्या रेशन्स अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांना तांदूळ, तूरडाळ, दूधपावडर आणि तेल दिलं होतं. त्या पिशवीत अंडं नव्हतं, तरी रुग्णांचं वजन वाढलं. ते वाचताना मला अप्पांचं घर आठवलं.

महाराज घरी आले, अप्पांच्या शेजारी बसले आणि माळ स्वतःच्या हाताने त्यांच्या गळ्यात घातली. कर्माबद्दल काही बोलले नाहीत. काकूंनी सोयाबीन भाजून ज्वारीबरोबर दळून आणायला सुरुवात केली. एकादशीला भगर आणि दाण्याची आमटी खाऊन गोळ्या घ्यायच्या, असं ठरलं. उपवासाचं जेवणही जेवणच आहे, ही गोष्ट आमच्या लक्षात यायला सहा महिने लागले होते. दूध मात्र संध्याकाळी, कारण लेव्होफ्लॉक्सासिनच्या आगेमागे दोन तास दूध घेतलं तर ते औषध नीट शोषलं जात नाही.

अपराधाच्या भावनेवर मात्र बोलून उपाय होण्यासारखा नव्हता. “तसं काही नाही हो अप्पा” म्हणणं खोटं ठरलं असतं, कारण तसं झालेलं असू शकत होतं. आम्ही त्यांना विचारलं, देवळात येणाऱ्या सगळ्यांची तपासणी करू का? नाव कुठेही न घेता, गावाचं शिबिर म्हणून. त्यांनी लगेच होकार दिला. जुलैमध्ये गाडी लावून छातीचे एक्स-रे काढले. आषाढी १० जुलैला झाली, दिंडी परतली आणि दुसऱ्याच आठवड्यात शिबिर झालं. भजनी मंडळातल्या एकांना क्षयरोग निघाला.

औषध-रोधाचा अहवाल येईपर्यंतचे दिवस फार वाईट गेले. गावात कुणाला काय निघालं हे लपून राहत नाही, अप्पांनाही कळलं. अहवाल आला: त्या गृहस्थांच्या जंतूंवर नेहमीची औषधं चालत होती. म्हणजे तो रोग अप्पांकडून गेलेला नव्हता. आम्ही ते अप्पांना सांगितलं, पण त्या गृहस्थांची परवानगी घेऊन. अप्पा रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

अहवाल उलटा आला असता तर आम्ही काय केलं असतं, याची तयारी आमच्याकडे नव्हती. त्या बाबतीत आमचं नशीब चांगलं होतं, एवढंच म्हणता येईल.

परिणाम

जुलैअखेर सलग दोन कल्चर (थुंकीतले जंतू वाढवून बघायची तपासणी) निगेटिव्ह आले, म्हणजे जंतू सापडले नाहीत. नैराश्याच्या चाचणीतले गुण (जितके कमी तितकं बरं) जूनमध्ये १९ होते, सप्टेंबरमध्ये ७ झाले. किती श्रेय सायक्लोसेरिन थांबवण्याला, किती माळेला, किती त्या अहवालाला, हे वेगळं काढता येत नाही.

सगळ्यात विचारात पाडलं ते पायांनी. सप्टेंबरमध्ये अप्पा म्हणाले, पाय आठ आणे. जूनमध्ये बारा होते. पण डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क लावून पाहिलं तर दोन्ही अंगठ्यांत कंप जाणवत नव्हता, जूनइतकंच. लिनेझोलिडची मात्रा ६०० वरून ३०० मिलिग्रॅमवर आणली होती, तरी नसा सुधारलेल्या नव्हत्या. नसा होत्या तशाच होत्या आणि त्रास कमी झाला होता. मला त्याचा आनंद झाला आणि मी तक्त्यात “पाय: सुधारणा” असं लिहिलं.

डिसेंबरात सप्ताह बसला. संसर्गाचा धोका आता नव्हता, पण सलग गाण्याएवढा श्वास अप्पांकडे अजून नव्हता. तेव्हा मंडळाने त्यांना रात्रीचा वीणेचा पहारा दिला. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि घेणारा-देणारा एकमेकांच्या पाया पडतात. ज्यांनी टाळ धुऊन परत मागवला होता, त्यांच्याच हातून पहाटे तीनला अप्पांनी वीणा घेतली. हे काकूंनी मला फोन करून सांगितलं.

आणि मग मे २०२३. भर दुपारी देवळासमोरच्या फरशीवर अनवाणी उभं राहून अप्पांचे तळपाय भाजले. त्यांना कळलंच नाही. संध्याकाळी काकूंना फोड दिसले. त्रास कमी झाला म्हणून ते तक्रार करत नव्हते, आणि तक्रार नाही म्हणून मी पाय बघणं सोडलं होतं. मन स्थिरावल्यावर लक्षण सोसणं सोपं होतं, पण त्यामुळे ते नजरेआडही होतं, हा धडा मला त्या फोडांनी दिला. जखम भरायला दोन महिने लागले. २०२३ ची आषाढी २९ जूनला होती, तीही त्यामुळे हुकली. त्या वेळी त्यांनी “बोलावलंय” हा शब्द उच्चारला नाही. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाले, “बोलावणं न्हाई, पाय बरा व्हायचाय.”

जुलै २०२३ मध्ये उपचार पूर्ण झाला. वजन ४९ किलो, कल्चर निगेटिव्ह. पाय बधिर, कदाचित कायमचे.

वेगळं काय करता आलं असतं

बंद केलेल्या चार गोष्टींपैकी बंदिस्त मंडपातलं भजन थांबवणं अटळ होतं, आणि जंतू जाईपर्यंत ते तसंच ठेवायला हवं होतं. पण त्याला मुदत आहे, कल्चर निगेटिव्ह आलं की परत जाता येईल, हे आम्ही सांगितलं नाही. त्यांना ती जन्मठेप वाटली. वारीला पर्याय नव्हता. एकादशी बंद करायची गरज नव्हती, ताटातले पदार्थ ठरवून दिले असते तर पुरलं असतं. आणि माळ उतरवणं सरळ चूक होती. विज्ञान त्यासाठी अडून बसलेलं नव्हतं, अडून बसले होते मी.

“पांडुरंगानं बोलावलंय” हे मे महिन्यातच थांबून विचारायला हवं होतं. श्रद्धेची भाषा ओळखीची असली की आपण तिच्या आत डोकावत नाही, आणि हे आमच्यासारख्या त्याच मातीतल्या माणसांच्या हातून जास्त घडतं. परक्या समुपदेशकाने कदाचित “म्हणजे काय?” असं विचारलं असतं.

महाराजांकडे मी एकटी आधी गेले, हे आजही योग्य वाटतं. सगळीकडे असे महाराज भेटत नाहीत. दुसऱ्या एका प्रकरणात मी असाच प्रयत्न केला आणि रुग्णाला अंगारा देऊन औषध थांबवायला सांगितलं गेलं. कुणाला मधे घ्यायचं हे रुग्णाने सांगावं, आणि त्या माणसाला आपण आधी जोखावं.

आता पहिल्या भेटीत मी ते तीन प्रश्न विचारते, आण्यांत त्रास मोजते, आणि रुग्ण “बरं हाय” म्हणाला तरी चप्पल काढायला लावून तळपाय बघते. “आतलं किती आणे” यासाठी आमच्या छापील फॉर्मात रकाना नाही. तो मी उजव्या समासात पेनाने आखते.